मुलींसाठी कार्यक्रम घेताय? आधी रात्री फोन कोण उचलणार ते ठरवा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मुलींच्या प्रश्नावर कार्यक्रम कमी होत नाहीत. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २४ जानेवारीला राष्ट्रीय बालिका दिन, ८ मार्चला महिला दिन, ११ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय बालिका दिन. शाळेच्या पटांगणात शामियाना, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मुलींची पाठ केलेली भाषणं आणि शेवटी चहा. पण त्याच आठवड्यात गावातल्या दहावीच्या मुलीची सुपारी फुटली, तर तिनं कुणाचं दार वाजवायचं हे त्या शामियान्यात बसलेल्यांपैकी कुणाला सांगता येत नाही. महिला मंडळ, स्त्रीशक्ती संघ, युवक मंडळ, एसडीएमसी (शाळेची देखरेख समिती) किंवा शाळेचे शिक्षक म्हणून तुम्हाला हे बदलायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. यातला निम्म्याहून जास्त भाग कार्यक्रमाच्या आधीचा आणि नंतरचा आहे, कारण काम तिथंच होतं.

सुरुवातीचे दोन आठवडे: माईक नको, वही घ्या

आपल्या गावात मुलीला नेमका कशाचा त्रास आहे, हे आधी शोधा. सीमाभाग एकच असला तरी दुखणं सगळीकडे सारखं नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, शाळा लांब आणि बस बेभरवशाची असते. मराठी प्राथमिक शाळा सातवीपर्यंत जवळ असते. आठवीला बाहेर जायची वेळ आली, की मुलगी घरी बसते आणि मुलग्याला सायकल नाहीतर गाडी मिळते. निपाणी-चिकोडीकडे ऊस, तंबाखू आणि विडी. आई कामावर गेली की धाकट्या भावंडांचा भार मोठ्या मुलीवर येतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराशी नातं असलेल्या घरांत मुलगी देवाला सोडण्याची भीती अजून पुरती गेलेली नाही. शहरालगतच्या गल्ल्यांत क्लासला जाताना होणारी छेडछाड आणि मोबाईलवरचे फोटो हे मोठं दुखणं आहे.

आशा, अंगणवाडी सेविका आणि शाळेतल्या बाई यांच्यासोबत एक दुपार बसा. सातवी पास झालेल्या मुलींपैकी आठवीच्या हजेरीत कोण नाही? गेल्या वर्षी कुणाचं लग्न झालं आणि तेव्हा तिचं वय शाळेच्या दाखल्यावर किती होतं? सलग दोन-तीन मुली झालेल्या घरात पुढच्या खेपेला सोनोग्राफी कुठं झाली? मुलींची नावं वहीत लिहू नका, फक्त आकडे लिहा. ही वही कार्यक्रमात वाचायची नाही. कोणता विषय घ्यायचा, तेवढं ती सांगते.

बाहेरचा संदर्भ हवा असेल तर २०११ च्या जनगणनेचा घ्या. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे बेळगाव जिल्ह्यात ९३४ मुली होत्या, संपूर्ण कर्नाटकात ९४८ आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात ८६३. आपल्या लेकी त्या जिल्ह्यात दिल्या जातात, तिथल्या सुना इकडे येतात आणि तपासणीसाठी माणसं दोन्हीकडे जातात. त्यामुळे तो आकडाही आपलाच समजायला हवा. लग्नाच्या वयाचं बघायचं तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.३ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं.

माणसं आधी, पत्रिका नंतर

कार्यक्रमानंतर कुणीतरी बोलणार, हे धरूनच चाला. म्हणून तारीख ठरवण्याआधी गावातली चार-पाच माणसं नक्की करा, ज्यांच्याकडे मुलगी किंवा तिची आई केव्हाही जाऊ शकेल. त्यात किमान तिघी बायका असाव्यात. एकीचं घर वेगळ्या गल्लीत, वेगळ्या समाजात असावं, कारण आपल्याच भावकीच्या घरी जाऊन कुणी भावकीबद्दल सांगत नाही. रात्री फोन उचलणार कोण, तालुक्याला गाडी कुणाची, कन्नडमध्ये अर्ज लिहून देणार कोण, हे नावानिशी ठरलेलं हवं.

मग सरकारी साखळी. तालुक्याला सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी), पंचायतीत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), पोलीस ठाणं, जिल्ह्याला बाल कल्याण समिती, बाल संरक्षण कक्ष आणि सखी केंद्र (अत्याचार झालेल्या स्त्रियांसाठीचं मदत केंद्र). या लोकांना पाहुणे म्हणून बोलावण्याआधी एकदा जाऊन भेटा. चेहऱ्याची ओळख असली की रात्रीचा फोन उचलला जातो. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकार आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता ही मदत मिळते. त्यासाठी फोन १५१००. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१, तातडीला ११२.

आपल्या भागातली खरी अडचण भाषेची आहे. फोनवर पलीकडून कन्नडमध्ये विचारणा झाली, की आपली बाई घाबरून फोन ठेवते. यावर उपाय सोपा आहे. दोन वाक्यं देवनागरीत लिहून कार्डावर छापा आणि कार्यक्रमात सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. ‘इल्ली बाल्यविवाह नडेयुत्तिदे’ म्हणजे इथं बालविवाह होतोय. ‘हुडुगीगे हदिनेंटु वर्ष आगिल्ल’ म्हणजे मुलीला अठरा पूर्ण नाहीत. त्यानंतर गाव आणि तालुका सांगायचा. हद्दीवरच्या गावांत, कागवाड किंवा निपाणीकडे, मोबाईलला पलीकडच्या टॉवरची रेंज लागते आणि फोन महाराष्ट्रात जाऊ शकतो. म्हणून पहिलं वाक्य ‘कर्नाटक, बेळगाव जिल्हा’ हेच असू द्या.

दिवस आणि जागा

नवा मांडव घालण्यापेक्षा जिथं गाव आधीच जमतं तिथं शिरणं मला जास्त पटतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू असतं. बायकांना तिथं यायला घरातून परवानगी मागावी लागत नाही. वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्याऐवजी फोन नंबरांचं कार्ड आणि वही-पेन द्या. आणि बोलावणं करताना विधवा, एकट्या, जोगतीण (देवाला सोडलेली बाई), सगळ्या बायकांना सारख्या मानानं बोलवा. तिथंच एखादीला बाजूला बसवून मुलींच्या भेदभावावर बोलता येणार नाही.

गणेशोत्सवातले देखावे, बेळगावची शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक, गावची महालक्ष्मी यात्रा, कडोली, येळ्ळूर, उचगावसारख्या गावांतली ग्रामीण साहित्य संमेलनं, यांतलं एखादं निमित्त धरा. चित्ररथ करायचा असेल तर रडणारी, साखळीत जखडलेली मुलगी उभी करू नका. लहान मुलीला गर्दीत तासन् तास तसं उभं ठेवणं हाही तिला त्रासच आहे. बसची वाट बघणाऱ्या शाळकरी मुली, सातबारावर बहिणीचं नाव लावणारा भाऊ, असं काही दाखवा.

२५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे स्त्रियांवरील हिंसेविरोधातले सोळा दिवस जगभर पाळले जातात. आपल्याकडे डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं, की पोलीस आणि अधिकारी बंदोबस्तात अडकतात. त्यांना बोलवायचं असेल तर नोव्हेंबरचा शेवट धरा. १ नोव्हेंबर टाळा, त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाप्रश्नावरचा काळा दिन एकत्र येतात, भागातलं वातावरण वेगळं असतं आणि मुलींचा विषय मागं पडतो. फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत लावा. गावातली कन्नड, उर्दू बोलणारी मुलगीही आपल्या कार्यक्रमाला आली पाहिजे. लाऊडस्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून आठवडाभर आधी घ्या, जागेसाठी पंचायतीला किंवा शाळेला पत्र द्या. खर्चाला फार काही लागत नाही.

मुलींची बैठक: बंद दाराआड, भाषणाशिवाय

कार्यक्रमाचा हा गाभा आहे आणि नेमका हाच वगळला जातो. जाहीर सभेच्या आधी आठवडाभर, शाळेच्या एखाद्या खोलीत, फक्त मुली आणि दोन विश्वासू बायका. वीस-पंचवीस मुलींपेक्षा जास्त नको. सहावी-सातवीच्या एका गटात, आठवीच्या पुढच्या दुसऱ्या.

रांगोळीनं किंवा खडूनं जमिनीवर गावाचा नकाशा काढायला लावा. देऊळ, शाळा, बसस्टॉप, विहीर, दुकान, शेताची वाट. मग जिथं भीती वाटते तिथं लाल ठिपका आणि जिथं बरं वाटतं तिथं हिरवा. कुणालाही कारण विचारू नका. ठिपके पडत जातात तशा मुली आपणहून बोलू लागतात: पानपट्टीजवळची टोळकी, दिवा नसलेलं वळण, एखादं घर. घरावर ठिपका पडला तर सगळ्यांसमोर एक शब्द बोलू नका. त्या मुलीच्या आसपास राहा आणि नंतर एकटीशी बोला.

दुसरा खेळ दिवसाच्या चोवीस तासांचा. आपला दिवस आणि भावाचा दिवस शेजारी शेजारी लिहायचा. कोण किती वाजता उठतं, पाणी कोण भरतं, अभ्यासाला वेळ कुणाला, दुधाचा पेला कुणाला, मोबाईल कुणाच्या हातात, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत कोण आणि सरकारी शाळेत कोण. भेदभाव हा शब्द न उच्चारता त्यांना तो दिसतो.

बैठक सुरू करतानाच एक गोष्ट स्पष्ट सांगा: ‘तुम्ही सांगितलेलं आम्ही गावभर करणार नाही. पण कुणी तुमच्यावर लैंगिक अत्याचार करत असेल, तर ते आम्हाला पोलिसांना किंवा १०९८ ला कळवावंच लागतं.’ मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठराखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलेल्या प्रत्येकावर हे बंधन आहे आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. ‘अगदी गुपित ठेवू’ असं वचन देऊन नंतर मोडलं, तर ती मुलगी पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाही.

शाळेत प्रश्नपेटी ठेवत असाल तर किल्ली एकट्या मुख्याध्यापकांकडे नको. ठरल्या वारी, दोघांनी मिळून उघडायची, त्यातली एक शाळेबाहेरची बाई असावी.

मोठ्यांशी बोलताना भीती घालू नका

हे मी आग्रहानं सांगते. अनेक वक्ते मुलींवरच्या अत्याचारांच्या बातम्या अंगावर काटा येईल अशा रंगवून सांगतात. समोर बसलेले आई-बाप घरी जाऊन काय करतात? मुलीचा क्लास बंद, मोबाईल काढून घेतात आणि ‘काळ वाईट आहे, एकदाचं उजवून टाकू’ म्हणून स्थळ बघायला लागतात. जो कार्यक्रम मुलीला वाचवायला घेतला, त्यानंच तिचं लग्न दोन वर्षं अलीकडे आणलं. म्हणून प्रत्येक धोक्यासोबत गाव काय करू शकतं ते सांगा: दिवा लावता येतो, बस थांबवता येते, घोळका हलवता येतो.

आयांशी बोलायला कर्नाटक सरकारच्या भाग्यलक्ष्मी योजनेचा बॉण्ड हा चांगला धागा आहे. २००६ नंतर दारिद्र्यरेषेखालच्या घरात जन्मलेल्या अनेक मुलींच्या नावानं तो आहे आणि अठराच्या आत लग्न झालं तर त्याचा लाभ जातो. बॉण्डचे कागद घेऊन या म्हटलं की बायका हमखास येतात. तिथं सीडीपीओ कार्यालयातल्या माणसाला बसवा, कागद तपासून द्या आणि मग लग्नाच्या वयावर बोला.

पुरुषांना सभेला बोलावून ते येत नाहीत. त्यांच्याकडे जावं लागतं: तालमीत, कबड्डीच्या मैदानावर, दूध डेअरीच्या कट्ट्यावर. बोलणाराही त्यांच्यातलाच हवा, एखादा जुना पैलवान, माजी मुख्याध्यापक, भजनी मंडळाचे बुवा. विषय जमिनीपासून काढा. कर्नाटकानं १९९४ सालीच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा दिला, २००५ मध्ये देशभर तसा कायदा झाला, तरीही बहिणीला चोळी-बांगडी करून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. सभेत थोडी कुरकुर होईल, होऊ द्या. मुलीला ओझं का मानतात, हे त्या कुरकुरीतूनच कळतं.

तरुणांसमोर न्यू वंटमुरीचा विषय काढा. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या या गावात, मुलगा एका मुलीसोबत निघून गेला म्हणून त्याच्या आईवर जमावानं अमानुष अत्याचार केला. कर्नाटक उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि हल्लेखोरांबरोबर नुसतं बघत उभ्या राहिलेल्यांवरही कडक शब्दांत बोट ठेवलं. त्या बाईचं नाव, फोटो किंवा व्हिडिओ चुकूनही वापरू नका. एवढंच विचारा: आपल्या गावात असं घडायला लागलं, तर पहिला फोन कोण करेल आणि मधे कोण पडेल? उत्तर म्हणून हात वर झाले तर ती नावं वहीत घ्या.

नाटक बसवायचं असेल तर

बाहेरून पथक आणण्यापेक्षा गावातल्या पोरा-पोरींनी पंधरा मिनिटांचा प्रसंग बसवावा. संवाद आपल्या बोलीत. खलनायक दारुडा बाप नको, तो सोपा आहे आणि बघणाऱ्याला वाटतं की आपण तसे नाही. प्रेमळ बाप घ्या, ज्याला कर्ज आहे, पाहुण्यांनी हुंडा नको म्हटलंय आणि धाकटीचंही त्याच मांडवात उरकायचंय. प्रसंग निर्णयाच्या जागी थांबवा आणि बघणाऱ्यांना विचारा, आता आत्यानं काय बोलावं, बाईंनी काय करावं? जो सांगेल त्यानं पुढं येऊन ती भूमिका करायची. प्रत्यक्षात घडलेल्या कुणाच्या घरची गोष्ट मात्र घेऊ नका. नावं बदलली तरी गाव ओळखतं.

मुलगी बोललीच तर

ऐकून घ्या. ‘तू तिथं गेलीसच का’, ‘आधी का नाही सांगितलंस’ ही दोन वाक्यं तोंडातून काढू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझा यात दोष नाही’ इतकं म्हणा. पुन्हा पुन्हा तपशील विचारू नका, ते काम पोलिसांचं आणि डॉक्टरांचं. तिनं वापरलेले शब्द तारखेसह लिहून ठेवा. आरोपी घरातलाच असेल तर आधी घरी जाऊन समजावण्याच्या फंदात पडू नका. गावच्या पंचांपुढं हा विषय न्यायचा नाही. तिथं माफी आणि दंडावर मिटवतात आणि मुलगी त्याच घरात राहते.

तिला आणि तिच्या आईला आधीच सांगून ठेवा: जबाब शक्यतो महिला अधिकारी घेईल, पोलिसांच्या गणवेशात नसेल, मुलीच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी येईल, आणि तपासणी महिला डॉक्टर करेल. पोक्सोमध्ये हे लिहिलेलं आहे. तक्रार कन्नडमध्ये लिहिली गेली तर मराठीत वाचून समजावून घेतल्याशिवाय सही नाही, इथं तुमचा कन्नड जाणणारा माणूस लागतो. कलम २३ नुसार मुलीची ओळख कळेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. नाव, फोटो, शाळा, घर, काहीच नाही. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपलाही हे लागू आहे.

लग्न परवावर आलं असेल तर

कर्नाटकात २०१६ च्या दुरुस्तीनं बालविवाह मुळातूनच रद्दबातल ठरतो. मुलीला १८ आणि मुलग्याला २१ पूर्ण हवेत. लग्न लावणारा, ठरवणारा, त्यात सामील होणारा, सगळे अडकतात आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. पहिला फोन १०९८ ला, दुसरा सीडीपीओ आणि पीडीओंना. वेळ असेल तर न्यायालयाकडून मनाईचा आदेशही आणता येतो. आपल्याकडची नेहमीची पळवाट म्हणजे इकडे अडवलं की वऱ्हाड रातोरात चंदगड, गडहिंग्लज, कागल किंवा मिरजेकडे नेणं. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. पलीकडच्या नात्यातल्या गावांच्या ग्रामसेवकांचे नंबर आधीच वहीत हवेत.

तुळशीच्या लग्नाआधी, म्हणजे हंगाम सुरू होण्यापूर्वी, भटजी, मंडपवाले, बँडवाले, फोटोग्राफर, कार्यालयवाले यांची एक छोटी बैठक घ्या. वयासाठी शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला बघायचा, आधारकार्डावर भागवायचं नाही, एवढंच त्यांना पटवा. लग्न थांबलेल्या मुलीला पुढच्या कार्यक्रमात स्टेजवर आणून सत्कार करू नका. तिला त्याच घरात राहायचं असतं. तिची फी, पुस्तकं आणि बसचा प्रश्न सुटला का, ते बघा.

देवाला सोडण्याचा विषय

मुलीच्या केसात जट दिसली की ‘यल्लम्माचं बोलावणं’ म्हणणारे अजून आहेत. इथं टिंगल करणाऱ्या वक्त्याला बोलवू नका. श्रद्धा दुखावली की माणसं कान बंद करतात. केस न धुता-विंचरता गुंतले की जट होते, हे आरोग्य सेविकेनं शांतपणे सांगावं आणि घरच्यांच्या संमतीनं ती सोडवावी किंवा कापावी. कायदा आपल्याकडे जुना आहे: कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० मध्ये जोगत्या-मुरळीविरोधी कायदा केला आणि कर्नाटकनं देवदासी समर्पणाला बंदी घालणारा कायदा १९८२ मध्ये केला. बोलायला मात्र त्यातून बाहेर आलेल्या बाया हव्यात. बेळगाव जिल्ह्यातल्या सीतव्वा जोडट्टी स्वतः लहानपणी देवाला सोडलेल्या, पुढं त्यांनी हजारो बायांना सोबत घेऊन संस्था उभी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला गाड्या निघण्याआधी, त्या गाड्यांतल्या घरांपर्यंत हा विषय पोचवा.

कार्यक्रमानंतरची कागदपत्रं

ठराव नसेल तर बोललेलं विरून जातं. पंचायतीत दरवर्षी मुलांची ग्रामसभा, म्हणजे मक्कळ ग्रामसभा, होते. तिथं मुलींनी स्वतः नकाशावरचे लाल ठिपके वाचून दाखवावेत आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. मोठ्यांच्या ग्रामसभेत ‘या गावात अठराखालच्या मुलीच्या लग्नाला कुणी जाणार नाही’ असा ठराव मांडा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो हद्दीच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर. असं उदाहरण पुढं असलं की सदस्य पटकन तयार होतात.

बससाठी डेपो व्यवस्थापकांना अर्ज द्या. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायका-मुलींना प्रवास मोफत झाला, पण थांब्यावर बस थांबत नसेल तर उपयोग नाही. अर्जात थांबा, वेळ आणि रोज जाणाऱ्या मुलींची संख्या लिहा, पालकांच्या सह्या घ्या, पोच घेऊन ठेवा. पंचायतीला दिव्याचा अर्ज वेगळा.

सहा आठवड्यांनी तीच वही पुन्हा काढा. चार-पाच जणांपैकी कुणाकडे किती जणी आल्या, कुठला अर्ज कुणाच्या टेबलावर आहे, आठवीच्या हजेरीत गैरहजर असलेल्यांपैकी किती जणी परत आल्या. कुणीच आलं नसेल तर माणसं बदला किंवा वाढवा, आणि पुढची मुलींची बैठक दुसऱ्या गल्लीत घ्या.